लाल रेषेशेजारी बावटा मिळणेबाबत

प्रति,
मा. तालुका आरोग्य अधिकारी,
तालुका आरोग्य कार्यालय

अर्जदार: काळूराम कोंडाजी नाखवा, रा. उंडेवाडी कोळीवाडा, रेवदंडा खाडीपलीकडे, जि. रायगड.

विषय: मासळी सुकवण्याच्या खळ्यावर उन्हाच्या धोक्याचा बावटा लावण्यास मंजुरी मिळणेबाबत.

संदर्भ: जाळ्यांच्या शेडच्या भिंतीवर आपल्या कार्यालयाने काढलेली लाल रेषा.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराच्या वाडीत जाळ्यांच्या शेडची भिंत एकच असून तिच्यावर पूर्वापार भरती-ओहोटीच्या वेळा रंगवण्याचा प्रघात आहे. गेल्या वर्षी आपल्या कार्यालयातील अमिषाताईंनी त्याच भिंतीवर उन्हाचा आलेख काढला. दर मे महिन्यात ऊन किती वाढत गेले त्याची लाल रेषा, आणि तिच्याखाली उन्हाने दगावलेल्या माणसांचे काळे ठिपके. काम सुबक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तथापि ताई समजावून सांगत होत्या तेव्हा बायका बाजाराला गेल्या होत्या. ऐकायला अर्जदार आणि एक बोका.

बायका परतल्या, त्यांनी रेषा पाहिली, आणि त्या भिंतीवर जे असते तेच तिला समजल्या. भरती. चढतेय म्हणजे उतरणार. अर्जदाराने सांगितले की ही रेषा उतरत नाही. कोणी मानले नाही. त्याचे कारण नमूद करणे भाग आहे. अर्जदाराने यापूर्वी वाडीत असे सांगितलेले आहे की, मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या कॅटमरान बोटीत एक रावस मासा खिडकीपाशी बसून गेला व जाताना त्याने अर्जदारास रामराम केला. त्यामुळे शेजारीण नीराबाई सर्वांसमक्ष म्हणाली, “आबा, ह्ये पन तुमाला रावसानंच सांगितलं का?”

त्याच वर्षी मे महिन्यात अर्जदाराची पत्नी आवडाबाई भर दुपारी खळ्यावर निघाली. ऊन असे होते की दोरीवरचे बोंबील आपण होऊन कूस बदलत होते. हे अर्जदाराने डोळ्यांनी पाहिलेले आहे. अर्जदार म्हणाला, घरात बस. ती म्हणाली, “भरती हाय, चढल नि उतरल. तवर बोंबील उलटून येते.” ती आली नाही. तिला आणायला माणसे गेली.

त्यानंतर अर्जदारास फारसे काही वाटत नाही. जेवण होते, झोप लागते. पाऊस सुरू झाल्यावर अमिषाताई येऊन रेषा पुढे ओढून गेल्या व खाली एक ठिपका वाढवला. तो अर्जदाराच्या माहितीतला आहे.

ठिपक्याबाबत अर्जदाराचे काही म्हणणे नाही. परंतु बायका आता म्हणतात, “येवढी चढली, आता ओहोटीच लागायची.” यंदा खळ्यावर अर्जदाराची सून प्राप्ती जाणार आहे. ती दोन जिवांची आहे. काळा रंग शेडमध्ये शिल्लक आहे.

सबब विनंती अशी की, बंदरावर वादळाचा बावटा चढला की वाडीतली एकही होडी सुटत नाही. बावट्याला कोणी कारण विचारत नाही, प्यालेला माणूसही विचारत नाही. तसाच बावटा उन्हासाठी खळ्यावर असावा. चढला की बायका घरात.

अर्जदाराने मागील आठवड्यात आपला लाल टॉवेल काठीला बांधून प्रयोग करून पाहिला. नीराबाई ओरडली, “रावसाची वरात निघाली गं!” बायका हसून हसून खाली बसल्या, आणि मग उठून उन्हातच कामाला लागल्या. प्राप्तीही हसली. म्हणून बावट्यावर आपल्या कार्यालयाचा शिक्का हवा. शिक्का असला की तो अर्जदाराचा राहणार नाही.

चढवण्या-उतरवण्याचे काम अर्जदार विनामोबदला करील. कधी चढवायचा एवढे अमिषाताईंनी सकाळी फोनवर कळवावे. अर्जदारास दुसरे काम नाही. मे लागण्यापूर्वी निर्णय व्हावा.

खळ्याकडे तोंड करून बसलेला,
आपला नम्र,
काळूराम कोंडाजी नाखवा
(सही)
दिनांक: २४ मार्च २०२५

सोबत: बावट्याचे लाल कापड, नग एक. हे टॉवेलचे नाही. कै. आवडाबाईंचे लुगडे आहे, वाडीतल्या बायका ते ओळखतात. शिक्का कोपऱ्यात मारावा व कापड परत मिळावे. बोंबलांचा वास येईल. धुऊ नये.