आडवा सिग्नल

मंगळवार, संध्याकाळ

आजही माझ्या खेळण्यातल्या आगगाडीचं इंजिन तिथेच अडलं. प्लायवूडवरच्या माझ्या मनमाडच्या अलीकडे, त्या सिग्नलपाशी. चार दिवस झाले. रूळ पुसले, वायरी बदलल्या. आणि मी खोलीत एकटी असले की गाडी मुळीच अडत नाही. हे कसं काय?

म्हणून आज इंजिनाकडे न बघता अप्पांकडे बघितलं. माझे सासरे, जन्मभर मनमाडला रेल्वेचे ड्रायव्हर. खुर्चीत बसल्या बसल्या पायाच्या अंगठ्याने खालच्या विजेच्या बोर्डाचं बटण बंद करत होते!

"अप्पा, तुम्ही?"

"मग? सिग्नल पडलेला नाही."

सिग्नल म्हणजे खराट्याची काडी आणि माझं लाल नेलपॉलिश लावलेली पुठ्ठ्याची पट्टी. आडवी चिकटवलेली, कायमची.

"अहो, तो शोभेचा आहे."

"असेल. पण आडवा म्हणजे थांबा. रोज आडव्या सिग्नलखालून गाडी नेतेस, मला बघवत नाही."

चार दिवस बोलले का नाहीत? माझं मला दिसेल म्हणे.

मग पट्टी सोडवली, टाचणीवर बसवली, सोडला की पट्टी खाली पडेल असा दोरा बांधला आणि दोऱ्याचं टोक अप्पांच्या हातात दिलं. गाडी सोडली. सिग्नलपाशी आली, तरी अप्पा दोरा सोडेनात. शेवटी बटण मीच बंद केलं. मीच! का केलं, कोण जाणे.

"पुढे मालगाडी उभी आहे," अप्पा म्हणाले.

माझ्याकडे मालगाडी नाहीच. तरी आम्ही दोघं ती निघायची वाट बघत बसलो.