पड्याचं खरं पडणं

५ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही, म्हणजे तू ठणठणीत आहेस असं मी धरून चालतो. आजारी असतीस तर डॉक्टरांच्या चुका सांगणारी चार पानं एव्हाना आली असती. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. हिचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण माझ्याइतका नाही असं तिचं म्हणणं.

थिएटरमध्ये रविवारी सकाळी अकराला जुने सिनेमे दाखवायला लागल्याचं मागे कळवलं होतंच. तीस-पस्तीस माणसं येतात, बहुतेक पांढऱ्या केसांची. परवा पडद्यामागची अडगळ काढताना पत्र्याचे आठ डबे हाती लागले. झाकणावरची चिठ्ठी वाचली आणि मी तिथेच एका डब्यावर बसलो. तू जोडलेल्या भुताच्या विनोदी सिनेमांतला सातवा! दोन डिटेक्टिव्ह, एक जाडा आणि एक काटकुळा. त्यांची गाडी बंद पडते, ते ओसाड बंगल्यात शिरतात आणि कपाटातून हात बाहेर येतो, तोच. संकलन म्हणून तुझं नाव झळकतं आणि वाचेपर्यंत जातं. मी यंत्र मागे नेऊन दोनदा पाहिलं.

फेब्रुवारीत लावायचा विचार आहे. तू ये आणि सुरुवातीला चार शब्द बोल. एवढी मोठी संकलक घरात असून मी उपरा माणूस का शोधू? नाही म्हणू नकोस.

हिचा नमस्कार. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस, ही विनंती.

तुझा,
धाकटा

१३ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. बायकोच्या गुडघ्याला गरम पाण्याचा शेक दे आणि तुझ्या डोक्याला गार पाण्याचा.

चार शब्द हवेत ना? घे. डबे उचल, भंगारात घाल.

अरे, नऊ सिनेमे जोडले मी ते, आणि नऊही वेळा एकच सिनेमा जोडला. बंगला तोच, फक्त भिंतींचा रंग निराळा. भूत म्हणजे मॅनेजरचा मेहुणा, अंगावर चादर घेतलेला. चादरीवरचा लॉन्ड्रीचा शिक्का दिसू नये म्हणून मी किती शॉट तोडले असतील, ते माझं मला ठाऊक. आणि शेवटी भूत नसतंच, इस्टेट गिळायला निघालेला वकील असतो. नऊही वेळा वकील! पहिल्या दहा मिनिटांत तो मिशीला पीळ देऊन हसतो, शेंबडं पोरसुद्धा ओळखेल. पण आमच्या डिटेक्टिव्हांना सव्वादोन तास लागतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा हे आपण ऐकलं होतं, पण यांचा कळसा काखेतून ओरडत असतो, तरी हे गावभर फिरतात. डिटेक्टिव्ह म्हणे! डोळ्यांवरचा चष्मा सापडत नाही म्हणून हे भिंग घेऊन शोधणार आणि आपण पैसे टाकून ते बघणार.

माझं काम काय, तर दार उघडायचं, भूत दाखवायचं, दार लावायचं, अकरा फ्रेम थांबायचं आणि मग किंचाळी सोडायची. नऊ फ्रेम ठेवल्या तर लोकांना कळत नाही, तेरा ठेवल्या तर जांभया देतात. अर्धं आयुष्य त्या टेबलाशी घालवून मला आलेली विद्या ती एवढी. त्या बळावर मी तुझ्या पांढऱ्या केसांसमोर उभी राहून बोलू? कोणी आपटलं की माणसाला हसू येतं. यात कला कसली आली? माणूस मुळातच हलकट आहे, एवढंच सिद्ध होतं.

दुसरा कुठला सिनेमा लाव. आणि लावायचाच असेल तर सातवा सोडून लाव. कारण विचारू नकोस.

पथ्य सांभाळा दोघंही. तुमच्यावरची माया आहे तशीच आहे, ती सिनेमाच्या आड येत नाही.

ताई

२१ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिला वाचून दाखवलं. ती म्हणते, तुझ्या शिव्यांचाच सिनेमा काढावा, तो तरी चालेल. पण जे लिहायला बसलोय ते वेगळंच आहे.

दर रविवारी एक म्हातारा येतो. हातात दोन काठ्या. आमच्या दाराच्या पाच पायऱ्या चढायला त्याला एवढा वेळ लागतो की तिकीटवाला खुर्ची सोडून बाहेर येतो, पण हा कोणाचा हात धरत नाही. सिनेमा संपला की एक शेरा मारून जातो, बहुधा अपमानाचाच. गेल्या रविवारी मी सातव्याची पाटी लावली. त्याने काठीचं टोक तिच्यावर टेकवलं आणि मला म्हणाला की यातला काटकुळा डिटेक्टिव्ह तो स्वतः आहे.

ताई, पड्या! सगळे ज्याला पड्या म्हणत तो. शिंप्याच्या दुकानावरच्या एका खोलीत, माझ्यापासून तीन गल्ल्यांवर राहतोय, आणि मला पत्ता नाही. मी त्याला ऑफिसात बसवलं, चहा दिला. चहाला नाव ठेवून त्याने प्यायला.

त्याने जे सांगितलं ते तसंच लिहितो. सातव्यात तो जिन्यावरून पडला तेव्हा पाठीचे दोन मणके मोडले, त्यानंतर तो कॅमेऱ्यासमोर कधीच उभा राहिला नाही. पण त्याला मणक्यांचं दुःख नाही. तो म्हणतो, जन्मात हजार वेळा पडलो, त्यातलं ते एकच पडणं खरं जमलं होतं. पडता पडताच त्याला ते कळलं होतं. आणि तेवढंच सिनेमात नाही. तिथे कुणीतरी भलताच माणूस पोतं टाकल्यासारखा पडतो. शॉट बाद झाला, एवढाच निरोप त्याला मिळाला. त्याच्या मते संकलन करणाऱ्या बाईला विनोदातलं ओ की ठो कळत नव्हतं.

ती बाई माझी बहीण आहे हे मी सांगितलं नाही. त्याला दुसरा चहा मागवला. काय झालं होतं गं?

कळव. हिचा नमस्कार, आणि माझ्यावरचा लोभ जिथे होता तिथेच राहू दे.

धाकटा

२९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तो जिवंत आहे हेच मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर माहीत करून घेतलं नाही.

विचारलंस म्हणून लिहिते. कठड्याचा एक खांब मुद्दाम कच्चा बसवला होता. पड्याने त्याला धरायचं, खांब हातात यायचा, मग तीन पायऱ्या घसरून खाली गादीवर. पण सुताराच्या हातून दुसराच खांब कच्चा राहिला, अकरा पायऱ्या वरचा. पड्या पाठमोरा चौदा पायऱ्या आला, आणि गादी भलतीकडे. कॅमेरा कोणी थांबवला नाही.

दुसऱ्या दिवशी तो तुकडा धुऊन माझ्या टेबलावर आला. मी पाहिला. मग दिग्दर्शक दवाखान्यातून थेट माझ्या खोलीत आला आणि पड्या कसा आहे हे सांगण्याआधी त्याने विचारलं की शॉट कसा आलाय. निर्माता तर म्हणाला की जाहिरातीतच टाकू, लोक लोळून हसतील. त्या माणसाला अजून पायाची बोटं हलवता येत नव्हती रे.

मी दार लावून घेतलं, टाचणी घेतली आणि त्या शॉटची निगेटिव्ह या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरबाडली. धुताना यंत्रात खराब झाली असं सांगितलं. बिचाऱ्या धुणाऱ्यांनी बोलणी खाल्ली. ज्या हातांनी निगेटिव्हला बोटाचा ठसा लागू दिला नाही, त्या हातांनी मी हे केलं. पाहण्यासाठी काढलेली एक प्रत होती, ती घरी आणली. ती माझ्या कपाटात आहे, एकेचाळीस वर्षं.

मला वाटलं, त्याच्या हाडांवर टाळ्या पडू देणार नाही. शहाणी होते ना मी. बाकीचे सगळे नीच आणि मीच तेवढी माणूस.

त्याला यातलं काही सांगू नकोस. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून दोनदा लिहिते. सांगू नकोस.

माझं हे वाचून तुझ्या मनातली माझी जागा हलली असेल तर तेही मोकळेपणाने कळव.

ताई

८ फेब्रुवारी

संकलक बाईंस,
स. न. वि. वि.

ओळख करून देत नाही. तुम्ही माझी मान इतक्या वेळा कापलीत की मी तुम्हाला घरचाच.

तुमच्या भावाने सगळं सांगितलं. त्याच्यावर चिडू नका. तो सांगणार नव्हता, पण त्याचं तोंड इतकं पडलं होतं की थिएटर विकलं की काय, असं मी विचारलं, आणि तो भडाभडा बोलून गेला. डिटेक्टिव्हचं काम मला जन्मात एकदाच जमलं ते हे.

दया केलीत म्हणे. मी मागितली होती? आठ महिने प्लास्टरमध्ये छताकडे बघत पडलो होतो. बाद झाला, एवढंच माहीत. का बाद झाला? मान वळवायला उशीर झाला? हात आधी सुटला? हलता येत नव्हतं तेव्हा मनातल्या मनात तो जिना हजार वेळा उतरलो आणि चूक शोधली. सापडेना. मग ठरवलं की आपल्याला येतच नव्हतं, इतकी वर्षं लोक उगाच हसले. पाठ सहा वर्षांनी सांधली. हे नाही सांधलं.

सिनेमे भिकार होते हे तुमच्याकडून ऐकायला नको. तुम्ही ते टेबलावर पाहिलेत, मी त्यांच्या आत राहत होतो. दिग्दर्शक गाढव, जाड्या माझे विनोद चोरायचा, भुताला स्वतःच्याच चादरीत पाय अडकवून पडायचाही वकूब नव्हता. पण बाई, भिकार सिनेमातही माणूस चांगला पडू शकतो. ते तुम्हाला कळायला हवं होतं. दुसऱ्या कोणाला नाही, तुम्हाला.

येत्या चोवीस तारखेच्या खेळाला तो तुकडा घेऊन या आणि त्याच्या जागी जोडा. त्या पोत्याला काढून टाका. नाही आलात तर तुमच्याबद्दलचं माझं मत आहे तेच राहील, आणि ते चांगलं नाही.

लोभ मागण्याइतकी आपली ओळख नाही. या, मग बघू.

पड्या

२८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

काल सुखरूप पोचले. तुझ्या बायकोने बांधून दिलेला डबा गाडी सुटायच्या आतच संपवला, तिला सांग.

खेळभर तू वर केबिनमध्ये होतास, आणि नंतर ऑफिसात तू विचारायला लागलास की मी विषय बदलत होते. म्हणून आता लिहिते.

जोड लावताना तू दिवा जवळ धरलास, ते बरं केलंस. तुकड्याला आंबूस वास यायला लागला होता, फिल्म कुजायला लागल्याची ती खूण. आणखी चार-पाच वर्षांत गेलाच असता.

खाली गेले तर पड्याने शेजारची खुर्ची काठी आडवी टाकून अडवून ठेवली होती. माझ्याकडे बघून त्याने एवढंच विचारलं की जोड नीट लावलाय ना. पहिला सगळा वेळ आम्ही दोघांनी मिळून सिनेमाची सालटी काढली. तो स्वतःवर माझ्याहून जास्त तुटून पडत होता. कपाटातून हात येतो तिथे डोळे कसे वटारलेत बघा, म्हणाला, बटाटेवडे वाटतात. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून आम्हाला गप्प केलं.

मग जिना आला. तुला माहीत आहे, त्या तुकड्यावर आवाज नाही. संगीत एकदम तुटलं आणि सगळं थिएटर गप्प झालं, पंख्यांची घरघर ऐकू यायला लागली. त्या गप्पपणात तो पडला. खांब हातात आला तेव्हा त्याने आधी खांबाकडे पाहिलं, सभ्यपणे, ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं. पाठमोरा निघाल्यावर प्रत्येक पायरीला तो पुन्हा उभं राहायचा प्रयत्न करतो आणि प्रत्येक पायरी त्याला नाही म्हणते. शेवटी खाली बसल्यावर त्याने तो खांब शेजारी नीट उभा करून ठेवला. मणके मोडलेले असताना! हे मी विसरले होते. खरं तर विसरायचं म्हणून विसरले होते.

लोक आधी हसलेच नाहीत. मग मागून कोणीतरी सुरुवात केली आणि सगळं थिएटर फुटलं. यंत्राच्या घरघरीत तुला किती ऐकू आलं कोण जाणे. पुढच्या रांगेतल्या त्या बाई डोळे पुसत होत्या. आणि पड्याने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की अजून दुखतंय. तो पडद्याकडे बघत नव्हता. खाली मान घालून ऐकत होता.

खेळ संपल्यावर तू डबे आवरत होतास तेव्हा आम्ही पायऱ्यांवर बसलो. त्याने विचारलं की एकेचाळीस वर्षांपूर्वी तो तुकडा मी पहिल्यांदा एकटीने पाहिला तेव्हा काय झालं होतं. हे मी तुलासुद्धा लिहिलं नव्हतं. त्या सकाळी मला अपघाताची बातमी कळलेली नव्हती रे. रात्री सगळे दवाखान्यात, मला कोण सांगणार? मी टेबलावर तुकडा लावला आणि हसले. खुर्चीवरून घसरेपर्यंत हसले. सात सिनेमांत पहिल्यांदा. चार वेळा मागे नेऊन पाहिला आणि चारही वेळा हसले. पाचव्यांदा लावत होते तेव्हा दिग्दर्शक दारात आला. मी त्याला नीच म्हणते, पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांत हसून आलेलं पाणी होतं. टाचणी मी त्याच्यावर चिडून घेतली नव्हती.

हे सगळं मी पड्याला सांगितलं. त्याने दोन्ही काठ्या पायरीवर आडव्या ठेवल्या. मग म्हणाला, म्हणजे हसलात तुम्ही आणि शिक्षा मला? मी हो म्हणाले. त्यावर तो असा काही हसायला लागला की पाठीत कळ आली, तरी थांबेना. एका हाताने पाठ धरून दुसऱ्या हाताची बोटं मला दाखवत राहिला, चार वेळा, चार वेळा, म्हणत.

सिनेमा टाकाऊच आहे, त्यात बदल नाही. पण तो तुकडा काढू नकोस. एक नवी प्रत करून घे आणि जोड लावायला दुसऱ्या कोणाला बोलावू नकोस.

तुम्हा दोघांना पोटभर आशीर्वाद. माझ्याबद्दल काय वाटतं ते कळव म्हटलं होतं, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. सावकाश दे, पण दे.

ताई