जमिनीवरून उठणं

९ डिसेंबर, अकोला
आजही चप्पल ताईनेच पायात घातली. म्हटलं मी घालतो. ती म्हणे, "तू घालशीन तवर दवाखाना बंद होईन." दवाखान्याच्या पायरीजवळ मागून एक माणूस आला. ओ दादा, तुमची चप्पल. डाव्या पायाला कळतच नाही चप्पल आहे का गेली. कुठून अनवाणी आलो, काय माहीत.
व्यायाम घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, मागून पट्टा असलेली घ्या. लहान पोरांची असते तशी. घेतली. निळी भेटली.
त्याच म्हणाल्या की रोज काय जमलं काय नाही ते लिहून काढा, डोकं शांत राहते. सातवीनंतर पेन्सिल धरली ती टाइलवर खुणा करायलाच.

१२ डिसेंबर
आज पुन्हा तो दिवस आठवला. हैदराबाद, आठवा माळा, बाथरूम. उकिडवा बसून टाइल बसवत होतो. डाव्या हातातली टाइल हळूच निसटली, जसा ओला साबण. धरायला गेलो तर हात आलाच नाही. गजू म्हणे, "नाटक नको करू बे, शेठ येऊन राह्यला." मी हसलो तर तोंड एकाच बाजूला गेलं. मग तो घाबरला. मला पाठीवर घेऊन आठ माळे खाली.
गजू माझा जोडीदार. एकाच गावचे, एकाच खोलीत राहतो. तो सिमेंटचा मसाला टाकते, मी टाइल बसवतो. आता दुसऱ्या कोणासंग काम करून राहिला असेल.
डॉक्टर म्हणाले मेंदूत गुठळी. बीपी होता, कधी मोजलाच नाही. वर तंबाखू-सुपारीचा खर्रा. या वयात कोण मोजते.

१७ डिसेंबर
मॅडमने विचारलं, काय करायचं आहे तुम्हाला? म्हटलं चालायचं. "ते सगळेच म्हणतात. तुमचं सांगा." म्हटलं, उकिडवं बसायचं.
हसल्या. बाकीचे पेशंट म्हणतात खाली बसायला लावू नका. मी सांगितलं की फरशीचं काम उभ्याने होत नाही. दिवसभर टाचांवर बसून मागे मागे सरकायचं. ते नाही जमलं तर माझ्या हातात दुसरं काही नाही.
भिंतीतल्या लोखंडी दांड्याला धरून बसवून पाहिलं. डावी टाच वर, गुडघा भलतीकडे. म्हणाल्या, आधी जमिनीवर बसून एकट्याने उठा, उकिडवं त्याच्यानंतर. रीत दाखवली. कुशीवर व्हायचं, मग चार पायांवर, रांगत्या पोरासारखं, उजवं पाऊल पुढे, डावा गुडघा खाली, मग जोर. सोपं वाटलं. खुर्ची धरून झालं. खुर्ची सोडली तर नाही.

२४ डिसेंबर
जिथे जावं तिथे खुर्ची. घरात सगळे खाली जेवतात, मला खुर्ची आणि समोर स्टूल. वरून सगळ्यांच्या ताटात दिसते. भाऊजी म्हणे, "आमचा साळा सरपंच झाला, आता वरूनच बोलन."
ताई चिडली. मला हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.
भाऊजी माझ्यासमोर खर्रा खात नाहीत, पाणी तापवायच्या निमित्तानं मागे जातात. वास येतेच.

३ जानेवारी, गाव
बसने आलो. अंजनगावला उतरताना पायरी उंच. कंडक्टर म्हणे, "काका, आरामशीर." काका. चालणं पाहून म्हणाला, तोंड पाहिलं नसेल.
माय फाट्यावर उभीच होती. घरी आलो तं शेजारीण बसलेली, कबुतराचं रक्त चोळा म्हणे, लकवा उतरते. मायने तिला चहा पाजून वाटेला लावलं.
मग मायने सांगितलं की मी दवाखान्यात होतो तेव्हा तिने मारोतीले नवस बोलला. पोरगा पायावर उभा राह्यला की रोडगे. गोवऱ्यांवर भाजलेल्या जाड रोट्यांचं गावजेवण.
म्हटलं, "अजून नाई झालो मी."
"चालत तं आला."
"माय, चालणं वेगळं."
तिला काय सांगू. रोडग्याच्या जेवणात नवस ज्याच्यासाठी त्याने पहिल्या पंगतीत बसायचं. खाली, सगळ्यांसंग. आणि पंगत उठते ती एकदम उठते. बसलेलं कोणी राहत नाही. सगळं गाव समोर आणि मी जमिनीवर अडकलेला. डोळ्यासमोर तेच येते.

६ जानेवारी
माय सांगून मोकळी झाली. चार घरी वांग्यांचं, दोन घरी गोवऱ्यांचं. दिवसही ठरवला. मला विचारलं नाही.
म्हटलं, "थांबली असती थोडी."
"देवाले थांबवाचं नसते."
"तू नेमकं काय मागतलं होतं?"
"पायावर उभा कर म्हटलं. बस-ऊठ नाई म्हटलं."
ती सांडशी घेऊन चुलीकडे वळली. हसत होती का, पाठ होती म्हणून दिसलं नाही.

१० जानेवारी
माय कापूस वेचायला गेली तेव्हा गोठ्यात करून पाहिलं. बसलो बरोबर. कुशीवर झालो, रांगलो, उजवं पाऊल पुढे आलं. जोर द्यायच्या वेळेस डाव्या गुडघ्यावर विश्वासच नाही बसला. परत बसलो. परत. 
म्हैस पाहत होती. रवंथ करत. तिला काही घाई नाही.
माय येईपर्यंत तिथेच. म्हटलं उन्हात बसलो होतो. तिने माझी डावी बाजू पाहिली, सगळी मातीने भरलेली.  काखेत हात घालून उठवलं, जसं लहानपणी. जेवायला मात्र खुर्ची नाही मांडली. ताट तिच्या ताटाजवळ, खाली. मीही खालीच जेवलो. मग परत तिने उठवलं.
विचार केला. टाइल नुसती बसलेली दिसते, पण बोटाने वाजवली की कळते खाली मसाला आहे का पोकळ. पाय दिसते बरोबर. वाजवून पाहायला मी भितो.

१६ जानेवारी, अकोला
मॅडमले गोठ्याचं सांगितलं. रागावल्या, एकटे असताना करू नका, निदान कोणी हाकेवर तरी असू द्या. मग करून दाखवायला लावलं. म्हणाल्या, "तुमचा डावा पाय आता काम करतो. तुम्हीच त्याला काम देत नाही. सगळं उजव्यावर ढकलता."
कोणाला एकदा पडताना पाहिलं की पुढच्या खेपेला ओझं त्याच्या डोक्यावर देत नाही आपण. तसंच झालं.
गजूचा फोन. नवीन साइट लागली, मोठी. "शेठले म्या सांगून ठेवलं का तू येऊन राह्यला. होळीपर्यंत थांबते म्हणे तो. मंग दुसरा लावीन."
म्हटलं, "तू काहून सांगतलं?"
"मंग काय सांगू, पोट्टा संपला म्हून?"

२५ जानेवारी, गाव
रोडगे झाले. थकलो आहे पण आजचं आजच लिहितो.
सकाळपासून मारोतीच्या पारासमोर धूर. रोडगे आमच्याकडे बाप्यामाणसंच करतात. परातीत कणीक मळायला मीही बसलो, पारावर पाय सोडून. डाव्या हाताने कणीक दाबली की हात तिच्यातच राहते, बाहेर यायचा हुकूम उशिरा पोचते. एक काका म्हणे, "याच्या हातचा रोडगा दगड होईन." दुसरा म्हणे, "फरशी बसवणारा आहे, फरशी होईन." सगळे हसले. मीही. बरं वाटलं, कोणी कीव नाही केली.
दुपारी पंगत. मी बसलो. एका पोराने खुर्ची आणली होती, परत पाठवली. डाव्या बाजूला किसनआजा बसला, गावातला सगळ्यात म्हातारा, गुडघे गेलेले. त्यालाही खुर्ची आणली होती, त्यानेही नाही म्हटलं. वांग्याची भाजी, वरण, वरून तूप. माय बादली घेऊन वरण वाढत होती. मी काय खाल्लं सांगता येणार नाही. पूर्ण ध्यान उठण्यावर.
जेवणं झाली, मारोतीचं नाव घेतलं, लोक उठायला लागले. मी कुशीवर झालो. हात जमिनीला. उजवं पाऊल पुढे. इथेच गाडी थांबते.
तेवढ्यात आजा म्हणे, "सुन्या, मले उठव बे. काय पाहून राह्यला?"
डावीकडे होता, म्हणून डावा हातच त्याने धरला. पक्का. त्याचा भार आला तर मला मागे रेलावं लागलं, डाव्या पायावर. मी जोर केला, त्याने जोर केला, आणि आम्ही दोघं उभे. कसं झालं ते मला नीट आठवतही नाही. आजारी पडल्यापासून कोणी मला दुसऱ्यासाठी काही करायला सांगितलं नव्हतं. आजाने सांगितलं.
मागून बाया म्हणाल्या उठला, उठला. मायने बादली खाली ठेवली, नारळ फोडला. नवस फिटला.
संध्याकाळी म्हटलं, "माय, मी एकटा नाई उठलो. आजानं ओढलं."
"मंग आजा कोणाच्या हातानं उठला?"
 पण गावासाठी झालं ते माझ्यासाठी नाही झालं. हैदराबादला आठव्या माळ्यावर कोणता आजा बसणार आहे जवळ.

४ फेब्रुवारी, गाव
न्हाणीतली एक टाइल कधीची निघालेली. माय दारात उभी, मी आत. डाव्या टाचेखाली विटेचा तुकडा ठेवला तर उकिडवं बसता आलं, भिंतीला पाठ लावून. मसाला कालवला, टाइल डाव्या हाताने धरली, उजव्याने रबरी हातोडी. धरली. घसरली नाही.
एकाच टाइलमध्ये सकाळ गेली. लेव्हल लावली तर बुडबुडा एका बाजूला. काढली, परत बसवली. पुन्हा तेच.
माय म्हणे, "राहू दे ना, न्हाणीत कोण पाहते."
"मले दिसते."
तिसऱ्या वेळी काढायला गेलो तर तोल गेला. मायने हात पुढे केला. घेतला. टाइल तशीच ठेवून बाहेर आलो. वाकडी आहे. पण पोकळ नाही, वाजवून पाहिली.

१३ फेब्रुवारी, अकोला
मॅडम म्हणतात पाय दिवाळीपर्यंत सुधारत राहील, घाई नको. होळी समोर आहे.
ताई म्हणे, "भाऊजीच्या दुकानात बस. गल्ल्यावर." पुन्हा खुर्ची. तिचं मन चांगलं आहे म्हणून काही बोललो नाही. पण आठवडाभरात वेडा होईन मी. मला तर आधी सुट्टीतही गावात दोन दिवस करमत नव्हतं.
इतक्या बिल्डिंगा केल्या, एकीतही राहिलो नाही. आपण फरशी करून निघतो, मग दुसरे येऊन तिच्यावर चालतात. कधी वाटलं नव्हतं की नुसतं चालणं हेही काम असते.

२२ फेब्रुवारी, अकोला
गजूचा काल फोन, आज पक्कं सांग म्हणे. दुपारी परत फोन करतो. येशीन तर कोणत्या गाडीने ते सांग, नाही तर शेठला दुसऱ्याचं सांगतो. वर म्हणे, "येशीन तं विटेचा तुकडा म्या देतो, हैदराबादेत काई विटायची कमी नाई." मायने त्याला न्हाणीचं सांगितलेलं दिसते.
ताई-भाऊजी अचलपूरला लग्नाला गेले. मला चल म्हणाले, पाय दुखते म्हणून राहिलो. पाय दुखत नाही. शेजारच्या काकू घरी आहेत, दार उघडं ठेवलं, हाक दिली तर ऐकू जाईल. मॅडमने सांगितलं तेवढं केलं.
खुर्ची, स्टूल, सगळं पुढच्या खोलीत ठेवून आलो. फोन खिडकीत. मी मधल्या खोलीत, बरोबर मध्ये, जमिनीवर. चारी बाजूंनी धरायला काही नाही. हे लिहिलं ते वही मांडीवर ठेवून.
कोणी पाहत नाही. पंगत नाही, आजा नाही, म्हैसही नाही. एकट्याने उठलो तर गजूला हो म्हणेन, असं ठरवलं होतं. आता बसल्यावर वाटते की नाही उठलो तर नाही म्हणता येईल का, तेही माहीत नाही.
फरशी गार आहे. डाव्या तळव्याला गार लागते. खरंच लागते, दोनदा पाहिलं.
फोन वाजून राहिला. गजूच असेल, तो लवकर ठेवत नाही.
पेन ठेवतो.