काकडी, कोंबडीचं सूप आणि कप्तानपद

२८ जुलै, सकाळ
देगूच्या आमच्या ज्येष्ठ गिर्यारोहण मंडळाची निवडणूक पंधरवड्यावर आली. गेली कैक वर्षं कप्तान मीच. यंदाही मीच. फक्त मेंग उभा राहतोय. लॉन्ड्रीवाला, आता रिटायर. सगळ्यांना पाण्यात मिठाची पावडर घालून पाजतो. मिठात मुरवायचा किमचीचा कोबी समजतो की काय आम्हाला?
संकल्प: ९ ऑगस्टच्या चढाईत पाल्गोंग डोंगराच्या माथ्यावर सर्वांच्या आधी पोचणे. मग मत मागायचीही गरज नाही.

२ ऑगस्ट
सराव सुरू. नकाशा पाहिला. झोप लागली.
मंडळात जाहीर केलं की पाण्याची बाटली नेणार नाही, काकडी पुरे. काकडी म्हणजे हिरव्या सालीत बांधलेला झरा. (ओळ झकास.) चौथीत झऱ्याची कविता अशी घोटली होती, की आजही डोळे मिटले की घसा ओला होतो.
मेंग म्हणाला, "घसा होत असेल गुरुजी, पण मूत्रपिंडाला कविता कळत नाही."
हशा. खालच्या दर्जाचा.

९ ऑगस्ट, पहाटे
आज कडक उन्हाचा सण. सगळं गाव कोंबडीचं उकळतं सूप पिणार. उन्हाला उष्णतेनंच मारायचं, काट्यानं काटा. मी दोन वाडगे आत्ताच रिचवले. पाणी वर्ज्य.
ही म्हणाली, "अहो, डोंगर चढताय की पातेल्यात बसताय?"
लघवी बार्लीच्या चहासारखी. सोनेरी. शुभशकुन.

तीच तारीख, दुपार, एका दगडावर
सुरुवातीला सर्वांच्या पुढे होतो. घामाच्या धारा. काकडी संपली. वाटेत तांदळाची माक्कोली घेतली. तांदूळच तो, दारू कशी म्हणायची?
मेंग बाटली घेऊन मागेमागे. "घोटभर तरी घ्या हो! हट्ट पुरे."
"आधी तुम्ही प्या," मी म्हणालो. "दम तुम्हाला लागलाय."
आता घाम पूर्ण थांबला. शरीर सरावलं! डोकं किंचित घणघणतंय, प्रतिभेनं असावं. चहूकडे वसंतातली गुलाबी अझेलिया फुललीत. ऑगस्टात! बाकी कुणालाच दिसत नाहीत. लहानपणी कविता पाठ केल्या नाहीत की असं होतं.

१० ऑगस्ट, दवाखाना
माथा थोडक्यात राहिला. दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. पुढचं आठवत नाही; मेंगनं पाठीवरून खाली आणलं म्हणतात. ओढ्यात बुचकळलंही. चांगला शर्ट होता.
डॉक्टरनं काय काय प्यायलो ते विचारलं. क्रमानं सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं.
शिरेतून मिठाचं पाणी चाललंय. म्हणजे मेंगचीच पावडर, सुई लावून. पण तोंडानं घेतली नाही. तत्त्व शाबूत.

११ ऑगस्ट
मतदान माझ्या खाटेभोवतीच झालं. मी मोठ्या मनानं मेंगला मत दिलं. जिंकणाऱ्याला ते शोभतं.
मेंगला अकरा. मला एक.
हीही मंडळाची सभासद. मी हिच्याकडे कृतज्ञतेनं पाहिलं.
"माझं नव्हे हो ते," ही म्हणाली. "मला नवरा हवाय. कप्तान कुणीही होऊ दे."
मेंग कान खाजवत म्हणाला, "माझं होतं, गुरुजी. एकही पडलं नसतं तर बरं दिसलं नसतं."
अख्ख्या मंडळात नेतृत्वाची पारख असलेला एकच माणूस निघाला, आणि नेमका तोच निवडून आला.