फोरमवर टॅक्स नको

४ मार्च २००७, रविवार. अकोला.

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद असलेली बरी.

'वऱ्हाड मोटरस्पोर्ट' या आमच्या इंटरनेटवरच्या फोरमला आज वर्ष झालं. सभासद २१२. मी ॲडमिन, शिवाय त्याच नावाच्या रजिस्टर्ड मंडळाचा अध्यक्ष. सचिव शाकीब, गॅरेजवाला. फोरमची आयडिया तशी त्याची. पण आयडिया कोणालाही येते, शिस्त लागते ती माझ्याकडे आहे.

६ मे ला डर्ट रेस, मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकलींची. कापसाची पऱ्हाटी उपटून झाली की मित्र चंद्रभानचं बोरगावकडचं शेत मोकळंच असतं, तिथे. नाशिकच्या एका टीमचा मॅनेजर खास शाकीबला गाडी चालवताना बघायला येणार. पसंत पडला तर टीममध्ये. नाही तर गयासुद्दीनचाचांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, सौदीतल्या दमामचा व्हिसा काढून ठेवलाय. तिथे मामाचं वर्कशॉप आहे. शाकीब सत्तावीसचा झाला, यापुढे कोण विचारतं? म्हणजे पोराचं नशीब माझ्या हातात आहे. जबाबदारी जाणवते.

७ मार्च, बुधवार

नवा नियम लावला. फोरमवर टॅक्स आणि राजकारण बंद. फक्त मोटरस्पोर्ट.

'पिटलेन_पुणे' या सभासदाने लगेच लिहिलं की वऱ्हाडातल्या माणसाकडून एवढ्या शिस्तीची अपेक्षा नव्हती. शालूला वाचून दाखवलं. ती म्हणे, ही तारीफ नाही होय. बायकोला फोरमचं काही कळत नाही. हा पिटलेन पुण्याच्या मोठ्या फोरमवर मॉडरेटर आहे. तिथे एक जागा रिकामी होणार असं ऐकतो.

११ मार्च, रविवार

यवतमाळच्या एका सभासदाने पल्सर विकायला काढली. खाली पाच ओळी कारण: कापसाचा भाव, सरकारचं पॅकेज, कोणाला मिळालं, कोणाला नाही. राजकारण. पाचही ओळी उडवल्या, गाडीचं मॉडेल आणि फोन नंबर ठेवला. जाहिरात कशी सुटसुटीत झाली.

त्यानंतर तो आलेला नाही. गाडी विकली गेली असेल.

१८ मार्च, रविवार

पेट्रोलवरच्या टॅक्सवरून भांडण. एक म्हणतो, टाकीत टॅक्सच ओततो आपण, मग तो मोटरस्पोर्टमध्ये कसा नाही? दुसऱ्याने आमदारांना मध्ये आणलं. शाकीबने लिहिलं, नितेशभाऊ, गाडी रस्त्यावर चालते, रस्ता सरकारचा आहे, कुठवर वेगळं काढसान? चाळीस पोस्टी. चर्चेचा सगळा धागा बंद केला. पिटलेनने शाबासकीचा अंगठा टाकला.

सभासद १८७. गाळणी लागली की चहापत्ती वर राहतेच.

२ एप्रिल, सोमवार

दिवसभर लोडशेडिंग. रात्री नऊला लाइन आली, बघतो तर शाकीबने नवा धागा काढलेला: 'करमणूक कर, तातडीचं.' मी शीर्षकावर उडवला. आत काय आहे हे वाचत बसलो तर नियमाला अर्थ काय? पाच मिनिटांनी पुन्हा: 'करमणूक कर, नितेशभाऊ वाचा.' उडवला. तिसरा: 'सरपंचाकडून ठराव घेतला, आता फक्त...' म्हणजे टॅक्सही आणि राजकारणही. एकवीस दिवसांची बंदी घातली.

मित्र म्हणून वाईट वाटलं. पण मित्राला सूट दिली असती तर पिटलेन काय म्हणाला असता?

९ एप्रिल, सोमवार

मी नोकरी करतो त्या कॉलेजच्या ऑफिसात शाकीब आला. हातात फाइल. ॲम्ब्युलन्सच्या खर्चासाठी रेसला दहा रुपये तिकीट लावलं, तर म्हणे करमणूक कर लागतो, माफी पाहिजे तर मंडळाच्या अध्यक्षाच्या सहीचा अर्ज लागतो, वीस तारखेपर्यंत, त्याशिवाय रेसची परवानगी नाही.

मी स्पष्ट सांगितलं, फोरमची गोष्ट फोरमवर. तो म्हणे, फोरमवर तर तुमीच मले बंद करून ठेवलं. मी म्हटलं, मग बंदी संपू दे, तेवीसला बोलू. तो उठला. पाणी न पिताच गेला. बाहेर त्रेचाळीस डिग्री होतं. मीच पाणी विचारायला पाहिजे होतं. फाइल इथेच विसरला, असं मी धरून चालतो.

१४ एप्रिल, शनिवार

चंद्रभानचा फोन. त्याने स्वतःच्या बैलजोडीने ट्रॅक सपाट केला, मातीचे दोन उंचवटे केले, बायकोने शेणसड्याएवढं पाणी मारून धूळ बसवली. मी म्हटलं, उंचवट्याचा कोन किती? तो म्हणे, कोन गेला खड्ड्यात, अबे सही दे ना, काहून गोष्टी फिरवून राहिला? रांगडा माणूस. शेतीत बरा आहे.

ठरवलं, उद्या रविवारी शांतपणे फाइल वाचायची.

१५ एप्रिल, रविवार

फाइल वाचायची राहिली. रेसची नियमावली लिहिली, चौदा पानं. पिटलेनला पाठवली.

१७ एप्रिल, मंगळवार

शालू जेवताना म्हणाली, शाकीब दोनदा घरी येऊन गेला, मी नसताना. दारातच उभा होता म्हणे, आत ये म्हटलं तरी येईना. मग ती म्हणाली, तुमाले सही कराले लाज वाटते का भेव वाटते? मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणे, तत्त्वाले मीठ लावा अन् खा. भाजी आज खारट होती, ते बोललो नाही.

रात्री फाइल उघडली. सगळं तयार आहे. गावाचा ठराव, ट्रॅकचा नकाशा, ॲम्ब्युलन्सचं पत्र. शाकीबचं अक्षर एवढं सुंदर आहे हे माहीत नव्हतं. खाली रिकामी रेघ आणि माझं नाव.

मन द्रवलं. सही करणार. पण नुसती सही कशी दिसेल? सरकारी कागद आहे. 'अध्यक्ष, वऱ्हाड मोटरस्पोर्ट मंडळ' असा गोल शिक्का पाहिजे. उद्याच बनवायला टाकतो.

२० एप्रिल, शुक्रवार, रात्री ८

शिक्केवाला दुपारी दोनला देणार होता. लाइन नव्हती. चार वाजले, नव्हती. साडेपाचला शिक्का मिळाला, अक्षरं उत्तम. दुकानातच सही-शिक्का करून ऑटो केला. कलेक्टर कचेरीच्या फाटकाशी पोचलो तर सहा वाजून दहा मिनिटं. शिपाई कुलूप लावत होता, हुज्जत घातली, ऐकेना. शाकीब पायरीवर बसलेला. मी शिक्का दाखवला. त्याने हातात घेऊन पाहिला, छान आहे म्हणाला आणि परत दिला.

एवढंच म्हणाला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

वीज मंडळाचा कारभार असा असेल तर या भागात मोटरस्पोर्ट कसं वाढणार? हे फोरमवर लिहिलं. मग राजकारण होतंय असं वाटून स्वतःच उडवलं.

६ मे, रविवार

रेस झाली नाही. काल फोनाफोनी करून सगळ्यांना कळवलं, तरी साठेक माणसं आली, परतवाड्याहून दोघं गाडी टेम्पोत घालून. दोन हवालदार झाडाखाली बसले होते. सभ्य होते, परवानगी दाखवा म्हणाले. नाशिकचे मॅनेजर सकाळच्या गाडीने आले होते. त्यांना शाकीबने हात जोडून सांगितलं, निदान तीन चकरा पाहून घ्या. ते म्हणाले, बिनपरवानगीच्या ट्रॅकवर उभा राहिलो तर टीमचं लायसन जातं. चंद्रभानकडे भाकर खाल्ली आणि दुपारच्या गाडीने गेले.

मी भाषण तयार केलं होतं. करायची वेळ आली नाही. त्या उंचवट्यांवर चंद्रभानने संध्याकाळीच वखर घातला.

१० मे, गुरुवार

शाकीब गेला. स्टेशनवर गेलो होतो. गयासुद्दीनचाचा, त्याची बहीण हीना, गॅरेजची चार माणसं. मी पुस्तकाच्या स्टॉलमागे उभा राहिलो, योग्य क्षणी पुढे होऊ म्हणून. त्यानेच पाहिलं, स्वतःच आला, गळ्यात पडला. म्हणे, नितेशभाऊ, उन्हाचं फिरत नोका जाऊ, तुमाले बीपी आहे. मी माफी मागणार होतो. पण स्टॉलवाला बघत होता, म्हणून रेल्वेचं वेळापत्रक विकत घेतलं.

खोटं कशाला लिहू, हे तर कोणी वाचणार नाही. रडलो. घरी येऊन मोरीत.

बंदी संपून सतरा दिवस झाले, तो फोरमवर आलेला नाही. पिटलेनचं पत्र आलं, पुण्याची जागा त्यांच्याच एका माणसाला दिली. नियमावली मात्र आवडली म्हणे, त्यांनी घेतली.

१४ मे, सोमवार

रजा टाकून करमणूक कराच्या खिडकीवर गेलो. दहा मिनिटांसाठी एका होतकरू खेळाडूचं आयुष्य वाया गेलं, अशी लेखी तक्रार करायची होती. खाली शिक्का मारून नेली.

खिडकीत एक वयस्कर बाई. तक्रार बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, तो शाकीब ना? चार वेळा आला होता. अर्ज चोख होता, फक्त अध्यक्षांची सही नव्हती. मी विचारलं, आणि शिक्का? त्या म्हणाल्या, शिक्का कशाले लागते? साध्या पेनानं सही केली असती तरी झालं असतं. शेवटच्या दिवशी त्याने साडेसहापर्यंत खिडकी उघडी ठेवा म्हणून गळ घातली. म्हणे, आमचे अध्यक्ष मोठे इमानदार आहेत, फक्त जरा हळू आहेत, येतील. बाईंनी त्याला नाही म्हटलं होतं, तरी सव्वासहापर्यंत आत थांबल्या होत्या, मागचं दार उघडं ठेवून. मी फाटकावरच शिपायाशी हुज्जत घालून परत फिरलो होतो.

मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, तुम्हीच का ते अध्यक्ष?

मी म्हटलं, नाही, मी साधा मेंबर. ते गावाला गेलेत.

बाई म्हणाल्या, आले की सांगजा त्याईले, पोरगं चांगलं होतं.

मी हो म्हणालो.