पदर धरणारी

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता मी तुझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. तरी आज तुझ्याशिवाय कुणाशी बोलावं ते सुचत नाही. धाकटीला श्वास पुरत नाही गं. दिसायला अजून माझ्यासारखीच आहे, पण तिची फुप्फुसं घट्ट होत चाललीत. दिवसभर नाकात नळी आणि खाटेशेजारी ऑक्सिजनची मशीन.

तू फर्स्ट शिफ्टला कँटीनमध्ये पोळ्या लाटायला निघायचीस, तेव्हा आम्ही जुळ्या एकमेकींच्या रिबिनी लावून दारात उभ्या राहायचो. शेजारपाजारचे फसायचे, बाबासुद्धा. तू आमच्या तोंडाकडे बघतही नाहीस. नुसता पदर पुढे करतेस. मी धरते, सोडते आणि खेळायला पळते; धाकटी धरते ती धरूनच राहते. लगेच माझ्या पाठीत धपाटा. "मले बनवता का वं? तोंड सारखं असन, पन पदर कोन सोडत नाही ते मले मालूम आहे."

माझं सगळं काम त्या पदराचंच झालं बघ. हथखोजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात मी धाकटीच्या खाटेशेजारी आहे तसल्या ऑक्सिजनच्या मशीनमध्ये भरायचे दाणे बनवते. साबुदाण्याएवढे, आतून भोकंच भोकं. हवेतले ऑक्सिजन आणि नायट्रोजन आकारानं इतके जवळचे, की चाळून वेगळे होत नाहीत. दोघंही भोकांत शिरतात. पण नायट्रोजन आत धरून बसतो, ऑक्सिजन लवकर सुटतो आणि धाकटीच्या नळीत पोचतो. घात करते ती ओल. पाण्याची वाफ एकदा आत शिरली की जागा अडवून बसते, मग मशीन नुसती घरघरते. ओल सोसणारे दाणे मला जमत नाहीत, आई. या पावसाळ्यात घाण्यामागून घाणे फुकट गेले. आजचाही गेला. सगळ्यांसमोर रडले मी, लाजही वाटली नाही.

घरी आले तर धाकटीनं नळी काढून हातात धरली होती. "तुह्या दान्यानं आता काही होत नाही. डॉक्टरनं सांगतलं ना तुले? मले पुन्हा आयसीयूत नको नेऊ."

"तू पयले नळी लाव!" मी ओरडले.

"कावून लटकून राहिली वं? सोड ना मले."

मी नळी तिच्या नाकात बसवली. तिनं मान फिरवली. तिचं बरोबर आहे हे मला कळतं, आणि नाही सोसत. मशीनची घरघर बंद झालेल्या घरात मी काय करू?

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, ठाऊक आहे. तिला न विचारता मी अँब्युलन्सला फोन केलाय. गाडी येतच असेल. आत्ता तू दारात येऊन पदर पुढे केलास ना, तर पहिल्यांदाच फसशील. मलाच धाकटी म्हणशील.