कॅन्टीनच्या दोन बाटल्या

आई, महिन्याच्या किराण्याची यादी करायला बसले होते. तेलापाशी येऊन पेन थांबलं ते थांबलंच, म्हणून मग त्याच कागदावर तुला लिहायला घेतलंय. सांगलीत आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. तुझे जावई टेम्पो चालवायचे, पण कंबर धरल्यापासून घरीच असतात. मी बेदाण्याच्या शेडमध्ये निवडायला जाते आणि त्या पगारावर घर चालतं, म्हणजे चालतं असं आपण म्हणायचं. जावई दिवसभर मोबाइलवर दुकानांच्या ऑफरी बघतात आणि शेजारच्या खोलीतून मला पाठवतात. पाच किलो घ्या, एक किलो फुकट. पाच किलो घ्यायची ऐपत असती तर फुकटच्या एका किलोकडे कोण बघत बसलं असतं, हे त्यांना सांगून मी दमले. मी आपली तुझ्याच पद्धतीनं यादी करते. आधी सगळे डबे फळीवरून खाली घ्यायचे, एकेकात हात घालून काय उरलंय ते बघायचं, मग लिहायला बसायचं. ज्यावाचून चूल पेटत नाही ते वर, ज्यावाचून नुसतं तोंड वाकडं होतं ते खाली, आणि मग खालून खोडत वर यायचं. तू सांगायचीस आणि मी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहायचे. "खोबरं खोड. शेंगदानं खोड. साखर निम्मी कर, कोन मरत न्हाई." खोडायला सांगताना तुझा आवाज जरासुद्धा बदलायचा नाही, त्याचा मला फार राग यायचा. आता माझी मुलगी माझ्याकडे तशाच रागानं बघते.

बाबा फौजेतून सुटून गावी आले आणि चार वर्षांत गेले. मागं राहिली तुटपुंजी पेन्शन, फौजी कॅन्टीनचं कार्ड, तू, मी आणि धाकटी. म्हसवडच्या अलीकडचं आपलं गाव, पाऊस नावापुरता, आजोबांच्या वेळची मेंढरंही कधीच विकून झालेली. महिन्यातून एकदा तू पहिल्या एसटीनं साताऱ्याला जायचीस. चहा, साबण, खोबरेल, लोणच्याची बरणी, असं जे तिथं स्वस्त पडेल तेवढंच घ्यायचं; जे एसटीच्या भाड्यात वाया जाईल ते घ्यायचं नाही. कुठलं काय ते तुला तोंडपाठ होतं. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तू फाट्यावर उतरायचीस आणि आम्ही दोघी पळत सामोऱ्या यायचो. यादीतली एक गोष्ट मात्र तू मला कधीच लिहू दिली नाहीस. कार्डावर रमच्या बाटल्याही मिळायच्या. तू त्या घ्यायचीस, जुन्या लुगड्याच्या घडीत गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवायचीस आणि गावात विकायचीस. हे करायचं नसतं हे तुला पक्कं ठाऊक होतं. पण महिन्याचं तेल आणि डाळ त्यातूनच निघायची, हेही ठाऊक होतं. आपण दारूवर जेवतोय हे मला कळलं तेव्हा मी आठवीत होते, आणि खरं सांगते, मला त्याचं काहीच वाटलं नाही. भाजीवर तवंग दिसला की मला बरं वाटायचं.

त्या बाटल्या घ्यायचे शेजारचे गवंडीमामा. बाबा गेल्यावर आपल्या स्वयंपाकघरातला ओटा त्यांनीच बांधून दिला होता. जमिनीवर बसून तुझे गुडघे गेले होते, म्हणून सुट्टीच्या दिवशी येऊन, मजुरी न घेता. तू चहा दिलास तर तोही उभ्यानंच प्यायले. माणूस गरीब स्वभावाचा, पिऊन कधी आवाज नाही की शिवीगाळ नाही. त्यांची बायको, आपली मावशी, तुझी जिवाभावाची. दोघी मिळून जळण आणायचात, सांडगे-पापड एकत्र करायचात. मग मामांना कावीळ झाली. एका दुपारी मावशी आली, तू त्याच ओट्यावर भाकरी थापत होतीस. ती बसली नाही. "आक्का, दाक्तरनं सांगितलंय, आता थेंब जरी पोटात गेला तर मानूस हाती लागायचा न्हाई. तुमी त्यास्नी देऊ नका." तुझा हात परातीत थांबला. मला वाटलं तू म्हणशील, मी नाही दिली तर ते दुसरीकडून आणतील. तसं म्हणता आलं असतं, खोटंही नव्हतं. तू पिठाचे हात पदराला पुसलेस आणि म्हणालीस, "न्हाई देनार. आजपास्नं माझ्या घरातनं एक बाटली जायची न्हाई. म्हसवडच्या नाथाची आन." मावशी रडली. तू तिला गरम भाकरी दिलीस आणि ती तिनं उभ्याउभ्याच खाल्ली.

ट्रंकेत तेव्हा दोन बाटल्या होत्या. मावशी गेल्यावर तू त्या काढल्यास, माझ्या हातात दिल्यास. "उकिरड्यावर वतून ये. बाटल्या बी तितंच गाडून टाक." त्यांचं मोल तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, म्हणून तू माझ्याकडे न बघता परत भाकरीला लागलीस. मी त्या दप्तरात घातल्या आणि निघाले. पण तसं लगेच ओतायचं जिवावर आलं, म्हणून त्या मी गोठ्यात कडब्याखाली ठेवल्या. उद्या ओतू म्हटलं. हे मी स्वतःलाच सांगत होते की खरंच मनात होतं, मला आज ठरवता येत नाही.

त्या महिन्याची यादी तू एकटीनं केलीस. तेल अख्खं खोडलं. डाळही. राहिले हुलगे. सकाळी हुलग्याचं पातळ माडगं, संध्याकाळी हुलग्याची पिठी, दुसऱ्या दिवशी परत माडगं. धाकटी ताटावर बसून मुसमुसायची आणि तू तिच्या पाठीवर हात फिरवायचीस. आई, मोठ्या माणसांना वाटतं की पोरं मोठ्या कारणासाठी वाईट वागतात. मला फी भरायची नव्हती, नवा फ्रॉक नको होता. मला तेलातली भाजी खायची होती. बारा-तेरा दिवस माडगं गिळून माझं डोकं भणभणायला लागलं होतं आणि मला रात्रंदिवस फक्त फोडणीचा वास आठवत होता. एका दुपारी मी कडब्याखालून बाटल्या काढल्या, परत दप्तरात घातल्या आणि खरोखरच उकिरड्याकडे निघाले. लिंबाखाली मामा बसले होते, डोळे हळदीसारखे पिवळे. त्यांनी दप्तराचा आकार बघूनच ओळखलं. "पोरी, वतायला निघालीस व्हय?" मी मान हलवली. "वतू नगंस. मी घेतो. तुज्या आयेला न्हाई कळायचं, माज्या बायकूला न्हाई कळायचं." मला त्यांचे डोळे दिसत होते. डॉक्टर काय म्हणाले ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. मी बाटल्या दिल्या, पैसे घेतले.

त्या पैशांतून मी गावातल्या दुकानातून तेल आणलं, शेंगदाणे आणले, आणि तुला सांगितलं की शाळेतल्या बाईंनी वह्या लिहून घेतल्या, त्याचे पैसे दिले. तू माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडलीस. "माजी लेक कमावती झाली." संध्याकाळी तू भरली वांगी केलीस, कूट घालून, तेल सुटेपर्यंत. मी तीन भाकरी खाल्ल्या. मग तू वाटीभर वांगी झाकून मला म्हणालीस, शेजारी दिऊन ये, त्यांच्या बी तोंडाला चव न्हाई. मी देऊन आले. मामा भिंतीला टेकून बसले होते. ते माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "वास लय झ्याक येतोय."

आठ दिवसांत त्यांना रक्ताची उलटी झाली. जीपमध्ये घालून साताऱ्याला निघाले, दहिवडीच्या पुढं जाऊ शकले नाहीत. तेरावं झाल्यावर मावशी आपल्या दारात आली, हातात त्या दोन रिकाम्या बाटल्या. त्यांच्या घरातल्या बाजरीच्या कणगीमागं सापडल्या होत्या. बाटलीवर फौजेचा शिक्का होता, त्यामुळे कुठून आल्या हे विचारायची गरजच नव्हती. "आक्का, तुमी नाथाची आन घेतली हुती." तू पांढरीफटक पडलीस. म्हणालीस, ह्या जुन्या असतील, आधीच्या असतील. ती म्हणाली, आधीच्या सगळ्या मी माझ्या हातानं फोडल्यात. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. तेव्हा तू मला हाताला धरून उंबऱ्याबाहेर ओढलंस, माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "ह्या लेकीची शपथ. मी दिल्या आसतील तर ही माज्या डोळ्यांदेखत जाईल." तुझा तळवा गार पडला होता. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी खाली बघत राहिले. मावशी म्हणाली, "पोरीच्या जिवाची खोटी शपथ घेतीस, थू तुज्या जिंदगानीवर," आणि बाटल्या तुझ्या पायाशी ठेवून निघून गेली.

आत आल्यावर तू एवढंच विचारलंस, "तू वतल्यास न्हवं गं?" मी म्हणाले, व्हय. तू परत कधी विचारलं नाहीस. तुला कळलं होतं का, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. कारण त्यानंतर तू यादी लिहायला मला कधी बसवलं नाहीस, धाकटीला बसवायला लागलीस. पण तुला कळलं असेल तर तू मला मारलं का नाहीस? मारायला हवं होतंस. कॅन्टीनला तू जातच राहिलीस, पण बाटली परत घेतली नाहीस. ती तूट भरायला लोकांच्या रानात खुरपायला गेलीस. अकरा वर्षं तू आणि मावशी एका भिंतीच्या दोन बाजूंना राहिलात. पाण्याच्या टाकीवर ती आली की बाकीच्या बायका तुझ्यापासून सरकून उभ्या राहायच्या, आणि तू घागर अर्धीच भरून परत यायचीस. शेवटच्या आजारात तू दोनदा म्हणालीस, तिला एकदा बोलव. मी गेले. ती आली नाही. मी तुला सांगितलं, ती गावात नाही. तिच्या दारातच मी खरं बोलले असते तर ती धावत आली असती. माझं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं, सासरी कळेल याची भीती वाटली. मी भित्री होते, आई, आणि कारण मला प्रत्येक वेळी नवं सापडायचं.

गेल्या महिन्यात घरपट्टीच्या कामासाठी गावी गेले होते. मुलगी बरोबर होती. मावशी अजून आहे, आता एकटीच, डोळ्यांनी फार दिसत नाही. आवाजावरून ओळखलं, हाताला धरून जवळ बसवलं. मामांनी तिच्यासाठी असाच एक ओटा बांधला होता, तो खचलाय. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "मी बी आता जायाची गं. तुज्या आयेला माफ करून जावं म्हनते. पन तिनं शपथ घेतली, मंजी तिनं केलंच न्हाई म्हनायचं, मग माफ कशाला करायचं? म्या एकलीनं किती वर्सं हेच घोळीत बसायचं? तू घरात हुतीस. खरं सांग. तिनंच दिल्या हुत्या न्हवं?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला यातलं काही माहीत नाही. तिच्या लेखी मी कष्टाळू, कडक, एक पैसा वाया न घालवणारी बाई आहे. मी तोंड उघडलं ते खरं सांगायलाच, हे तू मानलं नाहीस तरी चालेल. आणि मी म्हणाले, "व्हय मावशे. आईनंच दिल्या."

तिनं मोठा श्वास सोडला. दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "जाऊ दे. गरिबी हुती. माफ केलं म्या तिला." किती हलकी झाली ती, आई, तू बघायला हवी होतीस. मग उठून चाचपडत आत गेली आणि पिशवीभर मटकी घेऊन आली, घरच्या रानातली. "ने. म्हागाई लय हाय, पोरास्नी खाऊ घाल." नको म्हणायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. एसटीत मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली होती. दहिवडी गेल्यावर म्हणाली, आजी असं वागली असेल असं वाटलं नव्हतं. मी म्हणाले, परिस्थिती माणसाला काय काय करायला लावते.

तुझ्या नावावर हे मी दुसऱ्यांदा चढवलं. पहिल्यांदा नुसती गप्प राहून, या वेळी तोंडानं बोलून. हा कागद मुलीच्या हाती लागू नये म्हणून आता फाडीन, हेही तुला आधीच सांगून ठेवते. मटकी चांगली निघाली. मोड लांब आले, तीनदा उसळ झाली, तिन्ही वेळा मी पोटभर जेवले.